कोयता, खुरपे आणि कंडरा
(अतिवापराने होणाऱ्या सांधे व कंडरांच्या विकारांची प्रस्तावना)

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या बोलीत राबत्या शरीराच्या दुखण्याला शब्दांचा तुटवडा नाही. खांदा भरून येतो, मनगट ठणकते, कंबर धरते, मान आखडते, पाठीत उसण भरते, गुडघ्यातून कळ निघते, पोटऱ्यांना गोळे येतात आणि सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. यांतील प्रत्येक क्रियापद दुखण्याची जागा, त्याची जात आणि त्याची वेळ इतक्या नेमकेपणाने सांगते की जाणत्या वैद्याला अर्धे निदान त्या शब्दातच सापडावे. परंतु ते दुखणे कशाने झाले हे सांगायची वेळ आली की हीच संपन्न बोली एका शब्दापाशी येऊन थांबते, आणि तो शब्द म्हणजे वात. वात म्हटले की वय आले, प्रकृती आली, नशीब आले; काम मात्र आले नाही. कामाचा आणि दुखण्याचा संबंध मोजता येण्याजोगा आहे, त्याला शरीरशास्त्राचा भक्कम आधार आहे आणि म्हणूनच तो टाळताही येण्याजोगा आहे, हे मराठी वाचकापुढे मांडणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

अतिवापराची इजा म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करावयास हवे. झाडावरून पडून मनगट मोडले तर ती एकाच आघाताची इजा होय; तिला दिवस असतो, साक्षीदार असतो आणि कागदावर नोंदही होऊ शकते. याउलट, ज्या हालचालीने एकदा, दहादा किंवा शंभरदाही काहीच बिघडत नाही, तीच हालचाल पुरेशी विश्रांती न मिळता दिवसाला हजारो वेळा आणि हंगामभर होत राहिली, तर शरीरातील विशिष्ट जागी सूक्ष्म झीज साठत जाते, दुरुस्ती झिजेच्या मागे पडते आणि एके दिवशी दुखणे उघडे होते. तो दिवस इजेचा नसून इजा लक्षात आल्याचा असतो. याच कारणाने अशा दुखण्याला नुकसानभरपाईच्या व्यवस्थेत जागा मिळत नाही, कारण ती व्यवस्था पहिला प्रश्न विचारते तो तारखेचा.

या इजा ज्या जागी होतात त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे कंडरा. मांसाचा जो भाग आकुंचन पावून बळ निर्माण करतो त्याला आजच्या मराठीत स्नायू म्हणतात. तो स्नायू ज्या पांढऱ्या, चिवट दोरीने हाडाला बांधलेला असतो ती कंडरा, आणि एका हाडाला दुसऱ्या हाडाशी जखडणारा पट्टा तो अस्थिबंध. येथे मराठी वाचकाची एक अडचण लक्षात घ्यावी लागते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात कंडरा १६, संधी २१० आणि स्नायू ९०० सांगितलेले आहेत. मात्र तेथील स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे तंतू, आजच्या अर्थाचे मांसल स्नायू नव्हेत, कारण त्यांच्यासाठी संहितेत पेशी असा वेगळा शब्द आहे. बोलभाषेत तर कंडरा, अस्थिबंध, चेतातंतू आणि रक्तवाहिनी या चौघांनाही शीर किंवा नस असेच म्हटले जाते. ‘नस दबली’ असे सांगणाऱ्या रुग्णाची कंडरा सुजलेली असू शकते आणि ‘शीर आखडली’ म्हणणाऱ्याचा चेतातंतू खरोखर दबलेला असू शकतो. त्यामुळे पुढे कंडरा हा शब्द स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीपुरताच वापरलेला आहे.

कंडरा ही दोरी असली तरी निर्जीव नाही. तिचा सुका भाग बहुतांशी कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा असतो, त्याचे तंतू वेणीसारखे एकत्र गुंफलेले असतात आणि त्यांच्यामध्ये विरळ पसरलेल्या पेशी त्या तंतूंची देखभाल करीत असतात. धावताना टाचेमागच्या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठपट ताण येतो आणि ती तो पेलते. एवढे बळ असूनही तिला रक्ताचा पुरवठा तुटपुंजा असतो आणि तिचा प्राणवायूचा वापर स्नायूच्या मानाने सुमारे सातपट कमी असतो. मंद जगणारी ही ऊती मंदच भरून येते. १९५५ ते १९६३ या काळातील अणुस्फोट चाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग घेऊन डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ साली असे दाखवून दिले की टाचेच्या कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर तो जवळजवळ बदलत नाही. चाळिशीतला माणूस ज्या दोरीवर भार टाकतो ती त्याच्या किशोरवयात वळलेली असते, ही गोष्ट अर्धवट वयात कोयता हाती घेणाऱ्या मुलामुलींच्या संदर्भात फार गंभीर आहे.

दुरुस्तीचेही एक वेळापत्रक आहे. जड कामानंतर कंडरेतील कोलॅजेन तुटण्याची आणि नव्याने तयार होण्याची अशा दोन्ही क्रिया वाढतात. परंतु पहिल्या दिवसभरात, किंबहुना दीड दिवसापर्यंत, तुटणे बांधणीपेक्षा वरचढ असते आणि त्यानंतरच, साधारण तिसऱ्या दिवसापर्यंत, बांधणीचे पारडे जड होते. दमदार कामानंतर एखादा दिवस हलक्या कामाचा मिळाला तर तीच कंडरा पूर्वीपेक्षा बळकट होते, आणि तो न मिळता रोज तोच भार पडला तर रोजची तूट पुढच्या दिवसाच्या खात्यावर चढत जाते. श्रमाने शरीर कमावते हे जितके खरे, तितकेच श्रमाने शरीर झिजते हेही खरे. दोहोंतला फरक श्रमाच्या प्रमाणात आणि मधल्या अवकाशात आहे. या विषयाचे सारे मर्म येथे आहे.

आता दाह या शब्दाकडे वळावे लागते, कारण या विकारांविषयीचा सर्वांत रुळलेला गैरसमज त्या शब्दात आहे. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्ससने पहिल्या शतकात नोंदवली, आणि दुखऱ्या कंडरेलाही दाहच झालेला असणार असे पुढे गृहीत धरले गेले. परंतु १९७९ साली कोपराच्या दुखण्यावर शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांच्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या गेल्या तेव्हा तेथे दाहाच्या पेशी जवळजवळ आढळल्या नाहीत; आढळले ते विस्कटलेले तंतू, वेड्यावाकड्या वाढलेल्या बारीक रक्तवाहिन्या आणि अर्ध्यावर थांबलेली दुरुस्ती. त्यानंतरच्या दोन दशकांत कंडरादाह या नावाऐवजी कंडराविकार असे व्यापक नाव वैद्यकाने स्वीकारले. अलीकडच्या संशोधनाने आरंभीच्या अवस्थेत काही दाहक रसायनांचा सहभाग पुन्हा दाखवून दिला आहे, त्यामुळे दाह मुळीच नसतो असे म्हणणेही अतिरेकाचे ठरेल. तथापि महिनोन्‌महिने दुखणाऱ्या कंडरेचा मूळ प्रश्न फसलेल्या दुरुस्तीचा आहे, हे आता स्थिर झालेले मत आहे. याला अपवाद कंडरेभोवतीच्या म्यानाचा आणि सांध्यालगतच्या द्रवभरल्या गादीचा, म्हणजे बर्साचा. तेथे सूज आणि दाह खरोखर असतो, आणि मनगट दाबल्यावर कातडे घासल्यासारखी जी करकर हाताला लागते ती त्याचीच.

हे सारे नांदेड–लातूरच्या भूमीवर आणून पाहिले तर पहिले उदाहरण ऊसतोडीचे येते. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील कोरडवाहू गावांतून, लातूर जिल्ह्यातील अहमदपूर आणि जळकोट किंवा नांदेड जिल्ह्यातील कंधार, मुखेड आणि लोहा या तालुक्यांतून, दसरा–दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांवर मार्च–एप्रिलपर्यंत राहतात. या व्यवसायाची भाषाच शरीराविषयी बोलते : नवराबायको मिळून होणारे कामाचे एकक म्हणजे ‘एक कोयता’ आणि एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते, मजुरी टनावर ठरते आणि कामाचा दिवस चुकला तर ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती आवश्यकच होती. परंतु दर टनावर राहिला तोवर प्रत्येक विसाव्याची किंमत मजुराच्याच खिशातून जात राहणार. कंडरेच्या दुरुस्तीला लागणारा वेळ आणि खाड्याचा हिशेब यांचे कधीच जुळत नाही.

फडातील हालचाली एकेक करून पाहिल्या पाहिजेत. ऊस बुडाशी, जमिनीलगत तोडावा लागतो, म्हणून कंबर पूर्ण वाकलेली. डाव्या हातात उसाची पकड, उजव्या हातात कोयता. घाव बसताना मनगट ताठ धरणारे, कोपराखालच्या हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू एकदम ताणले जातात आणि त्या सर्वांची कंडरा कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टोकावर उगम पावते. याच जागेच्या दुखण्याला जग ‘टेनिस एल्बो’ म्हणते; १८७३ साली एका जर्मन वैद्याने त्याचे पहिले वर्णन केले ते लिहिणाऱ्यांच्या हातासंदर्भात, आणि पुढच्या दशकात इंग्लंडातील हिरवळीवरच्या खेळाने त्याला आपले नाव चिकटवले. ज्या माणसाने टेनिसचे मैदान कधी पाहिलेले नाही त्याच्या कोपराला ते नाव देण्यापेक्षा ‘कोयत्याचे कोपर’ म्हणणे अधिक सार्थ ठरेल. कोयत्याची धार बोथट झाली की त्याच उसाला एकाऐवजी दोन घाव लागतात आणि मूठ अधिक आवळावी लागते; धार ही म्हणूनच उत्पादनाइतकीच आरोग्याची बाब आहे.

तोडून झाल्यावर पाचट काढणे, वाढे छाटणे, मोळी बांधणे आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवणे ही कामे येतात, आणि यांतील पाचट काढण्यापासून मोळी बांधण्यापर्यंतचा मोठा वाटा स्त्रीच्या अंगावर असतो. तीस–चाळीस किलोंची मोळी डोक्यावर असताना मानेचे मणके दबतात आणि ती तोलून धरण्यासाठी दोन्ही हात खांद्याच्या वर जातात. खांद्याच्या सांध्याला चार स्नायूंच्या कंडरांचे आवरण असते; हात वर गेला की त्यांतील सर्वांत वरची कंडरा खांद्याच्या हाडाच्या छताखाली अरुंद जागेत येते, आणि तेथे ती रोज दाबली गेली तर प्रथम तिच्यावरची बर्सा सुजते, मग कंडरा विरते आणि काही वर्षांनी फाटतेही. अशा स्त्रीला पदर मागे टाकता येत नाही, वेणी घालता येत नाही आणि त्या कुशीवर झोपता येत नाही. वैद्यकाच्या चाचण्या याच तीन गोष्टी वेगळ्या नावांनी तपासतात. गाडी आली की भरणी रात्रीही करावी लागते, आणि फडावरून परतल्यावर भाकरी थापायच्या असतात त्या त्याच मनगटाने. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली बीडच्या संदर्भात राज्यापुढे आला, त्यावर शासनाची समिती नेमली गेली आणि महाराष्ट्र हादरला. तो हादरा योग्यच होता. त्याच स्त्रियांच्या खांद्यामानेचा प्रश्न मात्र अद्याप कोणत्याही समितीच्या दाराशी पोचलेला नाही.

गावी राहिलेल्यांचे वर्षही याहून निराळे नाही. लातूरच्या बाजाराला ज्याने नाव दिले ते सोयाबीन काढताना विळा धरलेला हात आणि वाकलेली कंबर सलग आठ–दहा तास त्याच स्थितीत असतात, आणि काढणी ‘बॅगे’मागे गुत्त्याने ठरलेली असल्याने वेग कमी करण्यात तोटा असतो. रब्बीची ज्वारी मुळासकट उपटण्याची रीत असलेल्या गावांत बोटे मिटवणाऱ्या कंडरांवर जो ओढा येतो त्याची तुलना दुसऱ्या कोणत्याही शेतकामाशी होणे कठीण. तळहाताच्या बुडाशी हाडे आणि अस्थिबंध यांनी बनलेल्या बोगद्यातून अशा नऊ कंडरा आणि एक चेतातंतू जातो. कंडरांची म्याने सुजली की दबतो तो चेतातंतू, आणि म्हणून रात्री अंगठा व त्याच्या शेजारची बोटे बधिर होऊन मुंग्या येतात, हात झटकला की बरे वाटते. नांदेडच्या किनवट–भोकर पट्ट्यात कापूस वेचताना बोंडाच्या टोकदार कडा टाळून अंगठा व दोन बोटांनी कापूस ओढण्याची क्रिया दिवसभर चालते आणि वेचलेला कापूस कंबरेच्या ओटीत भरत गेल्याने पाठीचा बाक वाढत जातो. खुरपणीत दोन्ही पायांवर उकिडवे बसून पुढे सरकावे लागते. गुडघा पूर्ण दुमडलेला असताना त्याच्या कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणावर, येणारा दाब चालताना येणाऱ्या दाबाच्या अनेकपट असतो. देवणी आणि लाल कंधारी या गोवंशांची ही भूमी. धार काढताना अंगठा दुमडून त्याच्या सांध्याने सड दाबण्याची सवय असलेल्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी जे दुखणे जडते त्याचे वर्णन स्विस शल्यचिकित्सक द कर्व्हँ याने १८९५ साली केले. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवल्यावर जीव कळवळला तर ते दुखणे बहुधा हेच. तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या आयांनाही ते होते.

मराठवाड्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. जुवाने घट्टे पडलेले बैलाचे खांदे त्या संध्याकाळी ऊन पाण्याने शेकून हळद आणि तूप लावून चोळले जातात आणि दुसऱ्या दिवशी त्याला जू लावले जात नाही. अतिवापर, शेक, मर्दन आणि विश्रांती यांचे संपूर्ण ज्ञान या एका विधीत आहे. भार वाहणाऱ्या खांद्याचा वर्षातून एक दिवस का होईना सन्मान करावा हे शेतकरी समाजाला नीट कळत होते. हे कळणे बैलाच्या खांद्यापुरते राहिले, मोळी वाहणाऱ्या बाईच्या खांद्यापर्यंत आले नाही, याची खंत येथे नोंदवल्यावाचून राहवत नाही.

शेताबाहेरही ही इजा आहे, पण तिची चर्चा थोडक्यात पुरे. लातूरच्या शिकवण्यांत तासन्‌तास मान खाली घालून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांची मान आणि मनगटे, आडतीत पोती वाहणाऱ्या हमालांच्या कंबरा, शिवणयंत्रावर बसणाऱ्यांचे खांदे ही त्याच साखळीतील कड्या होत. एक गट मात्र अधिक लक्ष देण्याजोगा आहे, तो म्हणजे पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यांवर धावणाऱ्या मुलामुलींचा. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धाव असते. जाहिरात निघाली की महिनोन्‌महिने न धावलेले पाय एकदम रोज धावू लागतात, बूट झिजलेले असतात, रस्ता कठीण असतो आणि तीन–चार आठवड्यांत नडगीची आतली कड किंवा टाचेमागची कंडरा दुखू लागते. पुढे काही जणांच्या नडगीच्या हाडाला केसासारखी बारीक भेग पडते आणि वर्षभराची तयारी वाया जाते. भार आठवड्या-आठवड्याने थोडाथोडा वाढवावा आणि मध्ये विसाव्याचे दिवस ठेवावेत, एवढे सांगणारा कोणी भेटला असता तर यांतील पुष्कळ इजा टळल्या असत्या.

प्रत्येक सांधेदुखी कामाचीच असते असे मात्र समजू नये. तसे समजणे वाताइतकेच घातक. बार्शी लाइटच्या लोहमार्गाने एकेकाळी लातूरशी जोडल्या गेलेल्या बार्शीत १९७३ साली चिकुनगुन्याची साथ आली होती, आणि तीन दशकांहून अधिक काळाने, २००६ साली, हा विषाणू महाराष्ट्रात परतला तेव्हा लातूर, बीड आणि उस्मानाबाद या भागांनी त्याचा तडाखा सोसला. टांझानियातील माकोंडे भाषेत त्या नावाचा अर्थच वाकवून टाकणारा असा आहे. ताप गेल्यावरही कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने सुजलेले राहिले, आणि तो खराखुरा संधिदाह होता. आमवाताचे वेगळे वर्णन माधवनिदानात आलेले आहे. आज ज्याला ऱ्हुमेटॉइड संधिदाह म्हणतात त्यात दोन्ही हातांचे लहान सांधे एकाच वेळी सुजतात, सकाळचा आखडलेपणा तासाहून अधिक टिकतो आणि काम थांबवूनही दुखणे थांबत नाही. येथे वेळेवर औषध न मिळाल्यास सांधे कायमचे वाकडे होतात. नांदेड जिल्ह्याच्या काही गावांत विंधन विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त असते, आणि वर्षानुवर्षे ते पाणी पिणाऱ्यांच्या अस्थिबंधांत क्षार साचून पाठ आणि मान ताठ होते. मधुमेह असलेल्यांचा खांदा कोणत्याही श्रमाशिवाय आखडू शकतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली घरोघरी जाऊन झालेल्या सर्वेक्षणात चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना स्नायू, हाडे वा सांध्यांच्या तक्रारी आढळल्या, आणि त्यांतील ऱ्हुमेटॉइडचे रुग्ण थोडे, तर झिजेचे आणि मऊ ऊतींच्या दुखण्याचे कितीतरी अधिक होते. महाराष्ट्राच्या खेड्यातील सांधेदुखीचे खरे रूप कसे असते याचा तो अजूनही विश्वासार्ह दाखला आहे.

उपचारांची परंपरा पाहिली तर तीत पुष्कळ शहाणपण आणि काही धोके एकत्र नांदताना दिसतात. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, रुईचे गरम पान, आंबेहळदीचा लेप यांनी वेदना काही काळ शमते आणि अपाय सहसा होत नाही. बिब्ब्याचा चटका मात्र कातडी जाळतो, आणि अनेक वृद्धांच्या गुडघ्यांवर त्याचे काळे ठसे आजही दिसतात. याहून मोठा धोका आधुनिक आहे. कोणत्याही दुकानात सहज मिळणाऱ्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या हंगामभर घेतल्या जातात. उन्हात राबणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडावर त्यांचा भार पडतो. हेच औषध गुरांना दिले जात होते आणि अशी मेलेली गुरे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती, म्हणून २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. सांध्यात किंवा कंडरेजवळ दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे चमत्कारासारखा आराम पडतो. परंतु २०१० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलेल्या आढाव्याने दाखवले की कोपराच्या दुखण्यात असे इंजेक्शन घेतलेल्यांची स्थिती काही महिन्यांनंतर न घेतलेल्यांपेक्षा वाईट असते. वेदना नाहीशी झाल्यावर तोच हात दुसऱ्या दिवशी फडात जातो, हे तर त्या आढाव्यात नमूदही नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातील जी प्रतिजैविके जुलाबासाठी सर्रास दिली जातात त्यांनी कंडरा अशक्त होऊन तुटू शकते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये दिला. टाच दुखत असताना ही गोळी चालू असल्यास वैद्याला तसे सांगितले पाहिजे.

मग उपाय कोणता? कंडरा केवळ विश्रांतीने बरी होत नाही, आणि केवळ औषधाने तर नाहीच. तिला मोजका, हळूहळू वाढत जाणारा भार द्यावा लागतो. टाचेच्या कंडरेसाठी १९९८ साली स्वीडनमध्ये मांडली गेलेली पद्धत प्रसिद्ध आहे : पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच संथपणे खाली सोडायची, दिवसाला १८० वेळा, बारा आठवडे. कोपर, खांदा आणि गुडघ्यासाठीही अशा पद्धती आहेत, त्यांना यंत्र लागत नाही, पाण्याने भरलेली बाटली किंवा वाळूची पिशवी पुरते. लागतो तो शिकवणारा माणूस आणि तीन महिन्यांचा धीर. कामाच्या जागी करावयाच्या गोष्टीही साध्या आहेत : कोयत्याला रोज धार, मुठीला जाड गुंडाळी, मोळीचे वजन कमी, तोडणी आणि भरणी यांची आलटून पालटून वाटणी, खुरप्याऐवजी शक्य तेथे सायकल कोळपे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात स्त्रियांचे कष्ट हलके करणाऱ्या अवजारांवर काम झालेले आहे. ते शेतीच्या प्रदर्शनातून बाहेर येऊन टोळीपर्यंत पोचले पाहिजे.

इटलीतील मोडेना येथे बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, कारकुनांच्या हाताचे दुखणे एकाच हालचालीच्या अखंड आवृत्तीने होते हे त्यात ओळखले, आणि रुग्णाला विचारावयाच्या प्रश्नांत आणखी एका प्रश्नाची भर घातली : तू काम काय करतोस? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक रोगांच्या यादीत मनगटाच्या कंडरांचे विकार, कोपराचे दुखणे, गुडघ्याच्या आणि कोपराच्या बर्सांचा दाह व मनगटाच्या बोगद्यातील चेतातंतूचा दाब यांचा नावानिशी समावेश आहे. भारताच्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ रोग होते. शिसे, पारा, सिलिका, गोंगाट या सर्वांना तेथे स्थान मिळाले, कंडरेला मिळाले नाही, आणि ऊस तोडणारी बाई तर कारखान्यासाठी राबूनही त्या अधिनियमाच्या कक्षेतच येत नव्हती.

कायदा बदलायला वेळ लागेल. एक गोष्ट मात्र उद्या सकाळपासून करता येण्याजोगी आहे. कंधार, मुखेड, अहमदपूर, जळकोट आणि अशाच प्रत्येक तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तसेच नांदेड आणि लातूरच्या शासकीय रुग्णालयांत, खांदा, मनगट, कोपर किंवा गुडघा दुखतो म्हणून आलेल्या प्रत्येक माणसाच्या केसपेपरवर वय आणि गाव यांच्या शेजारी त्याचे काम, त्या कामाचे अवजार आणि हंगामाचे दिवस हेही लिहिले जावेत. अशा नोंदी पाच वर्षे नेटाने झाल्या तर कोणत्या कामाने कोणता सांधा जातो याचा या दोन जिल्ह्यांपुरता पहिला पुरावा तयार होईल, आणि भरपाई मागणाऱ्या बाईला तारीख नसली तरी कागद दाखवता येईल. येथील डॉक्टरांना, परिचारिकांना आणि आशा कार्यकर्त्यांना विनंती आहे की त्यांनी तो रकाना भरण्यास सुरुवात करावी.